समुद्रकाकडीच्या खाद्यात सोयाबीन, मका आणि कोंडा: जमिनीवरची वनस्पती समुद्रतळाच्या प्राण्याला कितपत पचते?

मत्स्यशेतीत वनस्पतिजन्य खाद्याचा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात फिशमीलच येते. सामनसारख्या मांसाहारी माशांना वाढीसाठी भरपूर प्रथिने लागतात. ती पूर्वी समुद्रातून पकडलेल्या लहान माशांच्या भुकटीतून मिळत. ही भुकटी महाग झाली, तिच्यासाठी होणारी मासेमारीही वादग्रस्त ठरली आणि तिच्या जागी सोयाबीनची पेंड आली. समुद्रकाकडीच्या शेतीत मात्र हाच प्रश्न निराळ्या स्वरूपात येतो, कारण हा प्राणी मांसाहारी नाहीच. समुद्रतळावरचा गाळ, त्यात मिसळलेले शेवाळाचे कुजके तुकडे आणि त्यांवर वाढलेले सूक्ष्मजीव हेच त्याचे नैसर्गिक अन्न आहे. त्यामुळे त्याच्या खाद्यात सोयाबीन, मका किंवा कोंडा घालताना खरी बदली माशाची होत नसून समुद्रशेवाळाची होते. समुद्रातील वनस्पतिसदृश पदार्थ काढून त्या जागी जमिनीवरची वनस्पती आणायची, असा हा व्यवहार आहे. या दोहोंची घडण किती वेगळी आहे हे समजून घेतले, तर खाद्य बनवणाऱ्यांपुढच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो.

समुद्रकाकडी हा तारामासा आणि समुद्री साळू यांच्या कुळातला, कंटकचर्मी गटातील प्राणी आहे. जगात तिच्या सतराशेच्या आसपास जाती ज्ञात आहेत. पण शेतीच्या दृष्टीने दोन जाती विशेष महत्त्वाच्या आहेत. थंड पाण्यातील अपॉस्टिकोपस जॅपोनिकस ही पहिली जात प्रामुख्याने चीनच्या लिआओनिंग आणि शानडोंग या प्रांतांत वाढवली जाते. होलोथुरिया स्कॅब्रा, म्हणजेच सँडफिश, ही दुसरी जात उष्ण कटिबंधातील असून मादागास्कर, व्हिएतनाम, फिलिपिन्स अशा देशांत तिची शेती होते. चीनमधील वार्षिक उत्पादन ओल्या वजनात दोन लाख टनांच्या पुढे गेले आहे. खाद्यासंबंधीचे बहुतेक संशोधनही पहिल्या जातीवरच झालेले असल्यामुळे या लेखाचा मोठा भाग तिच्याविषयी आहे.

तिचे खाणे जवळून पाहण्यासारखे आहे. तोंडाभोवती साधारण 20 संस्पर्शक, म्हणजे अन्न गोळा करणाऱ्या मऊ शुंडा, असतात आणि प्रत्येकाचे टोक फुलासारखे पसरलेले असते. ओल्या फडक्याने फरशी पुसावी तसे ती ही टोके आळीपाळीने तळावर टेकवते. चिकट स्रावामुळे त्यांना गाळाचे कण लागतात आणि मग तो संस्पर्शक आत वळवून तोंडात रिकामा केला जातो. तोंडात दात नाहीत. समुद्री साळूला शेवाळ कुरतडण्यासाठी जबड्यांची एक गुंतागुंतीची रचना असते, तसे काही येथे नाही. अन्ननलिकेभोवती चुनखडीच्या तुकड्यांचे एक कडे असते, पण ते स्नायूंना आधार देते, चावण्याच्या कामी येत नाही. तोंडापासून पुढे एकच लांब, वळसे घेतलेली, पातळ भिंतीची आतड्याची नळी असते. वाळूसकट सर्व काही या नळीतून जाते आणि दुसऱ्या टोकाने दोरीसारख्या विष्ठेच्या रूपाने बाहेर पडते.

या रचनेतून खाद्याबाबतचा पहिला नियम निघतो: जे चावता येत नाही ते आधीच बारीक असले पाहिजे. दुसरा नियम तिच्या नैसर्गिक आहारातून कळतो. समुद्रतळाच्या गाळात सेंद्रिय पदार्थ बहुधा वजनाच्या काही टक्केच असतात, बाकी सगळी वाळू आणि माती. त्या काही टक्क्यांतही शेवाळाचे ताजे तुकडे थोडे आणि कुजलेले अवशेष जास्त असतात. कुजणाऱ्या तुकड्यावर जिवाणू वसतात, डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांचा थर चढतो, आदिजीव येतात. ही सगळी वस्ती मूळ तुकड्यापेक्षा जास्त पौष्टिक असते. म्हणजे समुद्रकाकडीला वनस्पती मिळते ती बहुतेक वेळा सूक्ष्मजीवांनी आधी अर्धवट पचवलेली असते. माझ्या मते या विषयात लक्षात ठेवण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे. जमिनीवरच्या वनस्पतींचे खाद्य जेथे यशस्वी झाले, तेथे हे आधी पचवण्याचे काम किनाऱ्यावरच कोणीतरी करून ठेवलेले असते. आणि फसले तेथे ते बहुधा राहून गेलेले असते.

प्रत्येक प्रकारच्या शेतीत मात्र खाद्य लागतेच असे नाही. उत्तर चीनमधील किनारी तलावांत दगड किंवा कृत्रिम आसरे टाकून वाढवलेल्या समुद्रकाकड्या बऱ्याच अंशी तलावात आपोआप तयार होणाऱ्या डायटमवर आणि गाळावर जगतात. खाद्याची खरी गरज पडते ती तीन ठिकाणी. बीजोत्पादन केंद्रात अळीचे रूपांतर होऊन पिल्ले टाकीत ठेवलेल्या पट्ट्यांवर बसतात तेव्हापासून त्यांना रोज खायला घालावे लागते. इमारतीतील टाक्यांमध्ये दाटीने वाढवताना तळाचा गाळ नसतो, म्हणून तेथेही खाद्याशिवाय भागत नाही. तिसरे ठिकाण म्हणजे दक्षिणेकडील फूच्येन प्रांतातील तरंगते पिंजरे. हिवाळ्यात तेथील पाणी या जातीला मानवते, म्हणून उत्तरेकडून पिल्ले आणून ती शरद ऋतूच्या अखेरीपासून वसंतापर्यंत पिंजऱ्यांत वाढवली जातात. पिंजरा तळापासून वर टांगलेला असल्यामुळे आतल्या प्राण्याला गाळ मिळण्याचा प्रश्नच येत नाही आणि त्याचे पोट पूर्णपणे माणसाने टाकलेल्या खाद्यावर अवलंबून असते.

अळ्यांच्या अवस्थेविषयी येथे फार सांगण्यासारखे नाही. त्या पाण्यात तरंगतात आणि कीटोसेरॉससारखी जिवंत सूक्ष्म शेवाळे गाळून खातात. तेथे पेंड आणि कोंड्याला जागा नाही. पिल्लू पट्टीवर बसले की चित्र बदलते. सुरुवातीला पट्टीवर वाढवलेल्या डायटमचा थर पुरतो, पण काही दिवसांतच तो संपतो. मग शेवाळाच्या पिठाची पाळी येते. वाळवलेले शेवाळ दळून किंवा भिजवून वाटून त्याचा लगदा बारीक जाळीच्या कापडातून गाळला जातो. अगदी लहान पिल्लांसाठी 200 मेशची जाळी वापरतात. तिच्यातून साधारण 75 मायक्रोमीटरपेक्षा मोठा कण जात नाही. हा गाळ स्वच्छ केलेल्या समुद्री चिखलात मिसळून टाकीत सर्वत्र ओततात आणि काही काळ हवा व पाण्याचा प्रवाह बंद ठेवतात, म्हणजे कण खाली बसून पट्ट्यांवर पसरतात. पिल्ले मोठी होत जातात तशी जाळी भरड केली जाते. दुसऱ्या दिवशी अनुभवी कामगार पट्ट्यांकडे पाहतो तेव्हा त्याची नजर प्राण्याइतकीच विष्ठेवर असते. तिच्या दोऱ्या सलग आहेत की तुटक, भरपूर आहेत की विरळ आणि त्यांचा रंग खाद्याशी जुळतो की नाही, यावरून पिल्ले खात आहेत की खाद्य नुसतेच पडून कुजत आहे याचा अंदाज येतो.

या कामासाठी दीर्घकाळ सर्वोत्तम मानले गेलेले शेवाळ म्हणजे सरगॅसम थनबर्गी. खडकाळ किनाऱ्यावर वाढणारे हे तपकिरी शेवाळ पिल्लांना पचते आणि त्यावर त्यांची वाढही चांगली होते. अडचण एवढीच की ते प्रामुख्याने निसर्गातून खरवडून आणले जाई. समुद्रकाकडीची शेती फोफावली तशी या शेवाळाची मागणी वाढली, किनारे उघडे पडू लागले आणि भाव चढले. एका प्राण्याची शेती दुसऱ्या जीवाच्या जंगली साठ्यावर उभी राहिली की काय होते, याचे हे आणखी एक उदाहरण. फिशमीलच्या बाबतीत जे माशांचे झाले, तेच येथे शेवाळाचे झाले.

पहिला पर्याय समुद्रातच शोधला गेला. केल्पची, म्हणजे सॅकॅरिना जॅपोनिका या मोठ्या तपकिरी शेवाळाची शेती चीनमध्ये गेल्या शतकाच्या मध्यापासून प्रचंड प्रमाणावर होते, त्यामुळे ते मुबलक आणि त्यामानाने स्वस्त आहे. अन्नप्रक्रियेत उरलेले त्याचे काठ आणि तुकडेही खाद्यात वापरता येतात. उल्वा या हिरव्या शेवाळाचा आणि झॉस्टेरा या समुद्रगवताचाही वापर होतो. तथापि, केल्पमध्ये प्रथिने कोरड्या वजनाच्या साधारण दहा टक्क्यांच्या आसपास आणि हंगामानुसार कमीजास्त असतात, त्यामुळे नुसत्या केल्पवर लहान पिल्लांची वाढ मंदावते. समुद्रगवत ही तर खरी सपुष्प वनस्पती. तिची पाने चिवट असतात आणि सावकाश कुजतात. या उणिवा भरून काढण्यासाठी, शिवाय खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी, खाद्य बनवणाऱ्यांची नजर शेतमालाकडे वळली: सोयाबीनची पेंड, मक्याचे पीठ, गव्हाचे पीठ आणि कोंडा, भाताचा कोंडा, शेंगदाण्याची पेंड, इतकेच नव्हे तर मक्याची पाने आणि ताटेसुद्धा.

येथे शेवाळ आणि जमिनीवरची वनस्पती यांतला फरक आडवा येतो. तपकिरी शेवाळ वनस्पतीसारखे दिसत असले तरी जीवशास्त्राच्या वर्गवारीत ते जमिनीवरच्या वनस्पतींपासून फार दूरचे आहे. लाटांबरोबर लवचीकपणे हलणे ही त्याची गरज असते, म्हणून त्याच्या पेशीभित्तीत सेल्युलोज थोडे आणि अल्जिनेट नावाचा जेलीसारखा पदार्थ जास्त असतो. साठवणीची शर्करा लॅमिनरिन या रूपात असते. लाकूड बनवणारे लिग्निन त्यात नसते. जमिनीवरच्या झाडाला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उभे राहायचे असते, म्हणून त्याच्या भिंती सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि खोडापानांत लिग्निन यांनी पक्क्या बांधलेल्या असतात. ऊर्जेचा साठा स्टार्चमध्ये असतो. समुद्रकाकडीच्या आतड्यात स्टार्च आणि प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम) असतात, परंतु सेल्युलोज तोडण्याची तिची ताकद कमकुवत असून त्या कामी आतड्यातील जिवाणूंचा हातभार लागतो. लिग्निन तर जसेच्या तसे बाहेर पडते. त्यामुळे मक्याचे शिजवलेले पीठ आणि मक्याचे ताट ही दोन्ही ‘वनस्पतिजन्य’ असली तरी त्यांना एका रांगेत बसवणे चुकीचे ठरेल. पीठ ऊर्जा देते; ताटाचा भुगा कितीही बारीक केला तरी बराचसा नुसता भरणा ठरतो.

भरणा हा शब्द येथे निव्वळ दोषाचा नाही. गाळ खाणाऱ्या प्राण्याच्या आतड्याला भरपूर न पचणाऱ्या पदार्थाची सवय असते आणि म्हणूनच व्यापारी खाद्यातही समुद्री चिखल मोठ्या प्रमाणात मिसळला जातो. चिखलामुळे खाद्य जड होऊन तळाशी बसते, पिठाचे कण एकत्र गोळा होत नाहीत, काही खनिजे मिळतात आणि प्राणी ते सहज उचलतो. जमिनीवरच्या जनावरांच्या खाद्यात कोणी निम्मी माती मिसळली तर तो भेसळखोर ठरेल. समुद्रकाकडीच्या खाद्यात मात्र ती पाककृतीचाच भाग आहे. दक्षता एवढीच घ्यावी लागते की चिखल स्वच्छ जागेचा असावा, कारण बंदरालगतच्या गाळात जड धातू साचलेले असू शकतात.

प्रथिनांकडे वळू. सामनच्या खाद्यात प्रथिने चाळीस टक्क्यांच्या घरात असतात. समुद्रकाकडीच्या पिल्लांवर झालेल्या प्रयोगांतून सुचवली गेलेली पातळी त्याच्या साधारण निम्मी, म्हणजे वीस टक्क्यांच्या आसपास येते आणि स्निग्ध पदार्थ दोन ते पाच टक्के पुरतात. हा प्राणी सावकाश वाढतो आणि त्याच्या शरीरात सुमारे नव्वद टक्के पाणी असते, हे पाहता यात नवल नाही. वीस टक्के प्रथिने वनस्पतींतून गाठणे अवघड नसते: सोयाबीनच्या पेंडीत ती 44 ते 48 टक्के असतात, गव्हाच्या कोंड्यात पंधराच्या पुढे, मक्यात आठ ते दहा. केल्पच्या पिठात पेंडीचा माफक वाटा मिसळला तरी बेरीज जुळते.

बेरीज जुळली तरी प्रथिनांचा दर्जा वेगळा तपासावा लागतो. प्रथिने ज्या अमिनो आम्लांची बनतात, त्यांतील काही प्राण्याला खाद्यातूनच मिळवावी लागतात आणि त्यांपैकी जे सर्वांत कमी पडेल ते वाढीची मर्यादा ठरवते. सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी असते, मक्यात लायसिन. म्हणून दोन्ही मिसळल्यास काही उणीव परस्पर भरून निघते. उरलेली भरण्यासाठी थोडे फिशमील, यीस्ट किंवा स्पिरुलिना ही निळी-हिरवी सूक्ष्म शेवाळ घातली जाते. सुटी अमिनो आम्ले घालण्याचा मार्ग माशांच्या खाद्यात रुळलेला आहे. पण समुद्रकाकडी खाद्य तासन्‌तास पाण्यात पडून राहिल्यावर खाते आणि तेवढ्या वेळात सुटी अमिनो आम्ले विरघळून जातात. हळू खाणाऱ्या प्राण्याच्या खाद्यात जे विरघळते ते प्राण्याच्या पोटात न जाता टाकीतल्या पाण्यात जाते, ही अडचण प्रत्येक घटकाच्या बाबतीत ध्यानात ठेवावी लागते.

यापुढचा अडथळा वनस्पतींनी स्वतःच्या बचावासाठी तयार केलेल्या रसायनांचा आहे. कच्च्या सोयाबीनमध्ये ट्रिप्सिन या पाचक विकराला जखडून ठेवणारी प्रथिने असतात. भाजण्याने किंवा वाफवण्याने ती बऱ्याच अंशी निष्क्रिय होतात, म्हणून नीट शिजवलेली पेंडच वापरायची असते. ग्लायसिनिन आणि बीटा-काँग्लायसिनिन ही सोयाबीनची साठवणीची मोठी प्रथिने मात्र उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाहीत, आणि लहान प्राण्यांच्या आतड्याच्या अस्तराला ती त्रासदायक ठरतात, असे माशांपासून वासरांपर्यंत अनेक प्राण्यांत आढळले आहे. धान्यांत आणि कडधान्यांत फॉस्फरसचा मोठा भाग, साधारण दोनतृतीयांश, फायटिक आम्लाच्या रूपात बांधलेला असतो. फायटेज हे विकर नसेल तर तो फॉस्फरस प्राण्याच्या उपयोगी पडत नाही. उलट हे आम्ल जस्त आणि लोह यांनाही धरून ठेवते. सोयाबीनमधील सॅपोनिन्स या साबणासारख्या फेसाळ रसायनांचा उल्लेखही या यादीत नेहमी येतो. गंमत अशी की समुद्रकाकडी स्वतःच शत्रूंपासून बचावासाठी सॅपोनिन्स तयार करणाऱ्या थोड्या प्राण्यांपैकी एक आहे.

शिजवण्याने जे होत नाही ते आंबवण्याने होते, आणि समुद्रकाकडीच्या खाद्यात आंबवण्याला इतके महत्त्व का आले हे आता समजणे सोपे जाईल. पेंड किंवा कोंडा ओला करून त्यात बॅसिलस सबटिलिस, लॅक्टोबॅसिलस किंवा यीस्ट यांचे विरजण मिसळतात आणि उबदार जागी दोनतीन दिवस ठेवतात. एवढ्या अवधीत बरेच काही घडते. जिवाणूंची विकरे साठवणीच्या मोठ्या प्रथिनांचे लहान पेप्टाइड करतात. फायटिक आम्ल फुटून फॉस्फरस मोकळा होतो. पेशीभित्तीतील काही गुंतागुंतीच्या शर्करा सुट्या होतात. लॅक्टिक आम्लामुळे आम्लता वाढून सडवणाऱ्या जिवाणूंना आळा बसतो. शर्करा खर्ची पडल्याने उरलेल्या पदार्थातील प्रथिनांचे प्रमाण थोडे वाढते आणि शेवटी त्या सगळ्यावर सूक्ष्मजीवांचे स्वतःचे वजन शिल्लक राहते, जे समुद्रकाकडीचे नेहमीचेच अन्न आहे. समुद्रतळावर कुजण्याच्या क्रियेत जे सावकाश आणि अनिश्चितपणे घडते, तेच येथे निवडलेल्या जिवाणूंकडून करवून घेतले जाते. केल्पसुद्धा आंबवून वापरला तर त्यातील अल्जिनेट सैल होते.

आंबवणे आणि सडवणे यांतली सीमारेषा मात्र बारीक आहे. ओलावा जास्त झाला, भांडे अस्वच्छ राहिले किंवा मूळ मालालाच बुरशी लागलेली असली तर विरजणाऐवजी भलतेच जीव माजतात. बॅसिलसने आंबवलेल्या पेंडीत प्रथिनांचे विघटन जरा पुढे गेले की अमोनियाचा वास सुटतो; असा घाणा टाकून देणेच शहाणपणाचे. मका आणि शेंगदाणा ओलसर साठवणीत राहिल्यास अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष तयार होते आणि ते आंबवण्याने खात्रीने नष्ट होईल असे धरून चालता येत नाही. पिकांवरील कीटकनाशकांचे अवशेषही पेंडीबरोबर येऊ शकतात. समुद्रशेवाळाच्या खाद्यात ही भीती नव्हती. त्याऐवजी तेथे आर्सेनिकसारखे घटक साठण्याची वेगळी चिंता असे.

स्निग्ध पदार्थांची गोष्ट प्रथिनांपेक्षा कमी बोलली जाते, पण तीही महत्त्वाची आहे. समुद्रातील अन्नसाखळीत डायटम आणि अन्य सूक्ष्म शेवाळे इपीए आणि डीएचए ही लांब साखळीची ओमेगा-3 मेदाम्ले तयार करतात. तपकिरी शेवाळांत इपीए आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल सापडते. समुद्रकाकडीच्या शरीरातही इपीए आणि अ‍ॅराकिडॉनिक आम्ल भरपूर असते. सोयाबीन, मका आणि कोंडा यांच्यात ही मेदाम्ले नसतात. त्यांच्यात असते मुख्यतः लिनोलेइक आम्ल आणि थोडे लिनोलेनिक आम्ल. खाद्यात जे मेदाम्ल जास्त, ते काही आठवड्यांत प्राण्याच्या शरीरातही वाढू लागते. म्हणून शेतमालाचा वाटा वाढवला तर वजन कदाचित तेवढेच भरेल, पण खाणाऱ्याच्या ताटात पडणाऱ्या प्राण्याची घडण थोडी बदललेली असेल. खाद्यात शेवाळाचा काही अंश कायम ठेवण्यामागे पचनाइतकेच हेही कारण असते. भाताच्या कोंड्यातील तेल तर लवकर खवट होते, त्यामुळे तेल काढलेला कोंडा वापरणे सोयीचे.

एखादा घटक खरोखर पचला की नाही हे ठरवायचे कसे? सर्वांत सरळ मार्ग वजनवाढ मोजण्याचा. परंतु समुद्रकाकडी शरीरात पाणी भरून घेते आणि हाताळताच ते सोडून देते, त्यामुळे ओले वजन फसवे असते. पचनीयता मोजण्याची नेहमीची पद्धत अशी की खाद्यात न पचणारा एखादा खुणेचा पदार्थ मिसळायचा किंवा आम्लात न विरघळणारी राख मोजायची, आणि खाद्यातले व विष्ठेतले तिचे प्रमाण ताडून पाहायचे. या प्राण्याच्या बाबतीत यातही मेख आहे. समुद्रकाकडी समोर आलेले सगळे सरसकट गिळत नाही. सेंद्रिय पदार्थ जास्त असलेले कण ती निवडून उचलू शकते. मग तिने प्रत्यक्ष खाल्लेले मिश्रण आणि आपण टाकलेले मिश्रण वेगवेगळे ठरते आणि आकडा चुकतो.

म्हणून संशोधक कार्बनच्या समस्थानिकांचा, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या हलक्या-जड अणूंचा, आधार घेतात. मका ही उसासारखी सी-4 पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करणारी वनस्पती असून तिच्यात जड कार्बनचे, म्हणजे कार्बन-13 चे, प्रमाण सोयाबीन, गहू किंवा भात यांच्यापेक्षा जास्त असते. प्रमाणित नमुन्याच्या तुलनेत मक्याचे मूल्य उणे 12 ते 13 प्रतिहजार, तर सोयाबीनसारख्यांचे उणे 26 ते 28 च्या आसपास येते. समुद्रशेवाळे बहुधा या दोहोंच्या मध्ये पडतात. काही आठवडे मिश्र खाद्य दिल्यानंतर प्राण्याच्या शरीरभित्तीतील कार्बन मोजला, तर तो कोणत्या घटकातून आला हे बऱ्यापैकी सांगता येते. गिळलेले, पण न पचता बाहेर पडलेले अन्न या मोजणीत शिरत नाही, हा तिचा मोठा फायदा. केल्प आणि सोयाबीन यांचा हिशेब या रीतीने चांगला वेगळा होतो. केल्प आणि मका यांची मूल्ये कधी कधी जवळ येतात, तेव्हा नायट्रोजनच्या समस्थानिकांचीही मदत घ्यावी लागते.

या प्राण्याच्या आणखी दोन सवयी खाद्याच्या नियोजनात ध्यानात घ्याव्या लागतात. जॅपोनिकस जातीची वाढ साधारण 10 ते 17 अंश सेल्सिअसला उत्तम होते. पाणी वीस अंशांच्या बरेच वर गेले की मोठे प्राणी ग्रीष्मनिद्रेत जातात, खाणे थांबवतात आणि त्यांचे आतडे आक्रसून बारीक दोऱ्यासारखे होते. दुसरे असे की, फार त्रास झाल्यास समुद्रकाकडी आतडेच शरीराबाहेर टाकते आणि पुढच्या काही आठवड्यांत नवे वाढवते. या दोन्ही काळांत टाकलेले खाद्य कोणाच्याही पोटात जात नाही. शेवाळाचे पीठ पडून राहिले तरी ते बेताने कुजते. पेंड आणि मक्याचे पीठ मात्र स्टार्च आणि नायट्रोजन यांमुळे झपाट्याने नासते, पाण्यात अमोनिया वाढतो आणि विब्रिओसारखे जिवाणू बळावतात. जॅपोनिकसच्या त्वचेवर व्रण पडण्याच्या रोगाशी विब्रिओ स्प्लेंडिडसचा संबंध जोडला गेला आहे, हे लक्षात घेता स्वस्त खाद्य जास्त टाकण्याचा मोह महागात पडतो. पिठात शिजवलेल्या स्टार्चचे बंधक घालून कण पाण्यात टिकाऊ केले जातात ते यासाठीच.

सँडफिशच्या शेतीत हाच प्रश्न आणखी निराळ्या वळणाने येतो. या जातीचे बीज हॅचरीत तयार करण्याचे श्रेय भारताच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेकडे जाते. तुतिकोरिन येथे 1988 मध्ये ते प्रथम साधले. तेथेही बसलेल्या पिल्लांसाठी सरगॅसमचा गाळलेला अर्कच वापरला गेला आणि पुढे इतरत्र पट्ट्यांवर स्पिरुलिनाचा लेप देण्याची पद्धत आली. पिल्ले काही सेंटिमीटरची होऊन समुद्रातील कुंपणात किंवा तलावात सोडली की मात्र त्यांना सहसा काहीच घातले जात नाही. मादागास्करच्या किनाऱ्यावरील गावांनी चालवलेल्या कुंपणांत ती समुद्रगवताच्या पट्ट्यातील गाळावर वाढतात. कोळंबीच्या तलावांत सोडलेल्यांना कोळंबीच्या उरलेल्या खाद्यावर आणि विष्ठेवर पोसलेला तळ मिळतो.

अशा तलावात कोंडा किंवा पेंड टाकली तर तिचा परिणाम टाकीतल्यापेक्षा वेगळा होतो. तिचा थोडाच भाग सँडफिश थेट खाते. बाकीच्यावर तळातले जिवाणू आणि डायटम वाढतात आणि तिला ते मिळतात. म्हणजे तलावात हे खाद्य कमी आणि तळाला दिलेले खत जास्त असते, त्यामुळे त्याची मात्रा प्राण्यांच्या वजनावरून काढण्यापेक्षा तळाच्या स्थितीवरून ठरवणे योग्य. मात्रा ओलांडली की गाळातला प्राणवायू संपतो, वरच्या पातळ तपकिरी थराखाली काळा थर चढत येतो आणि हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास येऊ लागतो. दिवसा वाळूत पुरून राहणारी लहान सँडफिश अशा तळात पुरून राहत नाही, ती वर येऊन पडते. तलावाच्या चार कोपऱ्यांतून हाताने गाळ उकरून काळा थर किती खाली आहे हे दर आठवड्याला पाहणे, आणि तो वर सरकत असेल तर कोंडा बंद करणे, ही पद्धत कोणत्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.